चौथ्या स्केटपार्कवरचा शेरा

भिंगरीने वडलांशी बोलणं सोडून दीड वर्ष झालं होतं. भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायलासुद्धा बोलावं लागतं. ती तेरा वर्षांची होती आणि घरातल्या माणसांसाठी 'हं', 'नाही' आणि 'बघू' एवढे शब्द पुरतात, असं तिचं मत पडलं होतं. त्यामुळे एका सोमवारी सकाळी ती दात घासता घासता बाथरूमच्या दारात आली आणि तोंडातल्या फेसासकट म्हणाली, "बाबा, तू स्केटपार्क बघून सांगशील? कुठला चांगला ते? पुढच्या रविवारी जायचंय," तेव्हा आरशासमोर भांग पाडणाऱ्या वडलांच्या, म्हणजे लिफ्ट तपासनिसांच्या, हातातली फणी केसांतच राहिली. अकरा शब्द. त्यांनी मनात मोजले. शिवाय त्यातला एक 'बाबा' होता.

"सांगतो," ते म्हणाले. खिडकीवर पाखरू बसलं की माणूस जसा आवाज ठेवतो, तसा ठेवून.

ती गेली. स्केटपार्क म्हणजे काय, हे विचारायचं राहून गेलं. कचेरीत विचारल्यावर एवढंच कळलं, की तिथे उतार असतात.

त्यांना सगळे तपासनीसच म्हणत. कचेरीत, इमारतीत, आणि रागात असली तर बायकोसुद्धा. लिफ्टमध्ये चौकटीत एक कागद लावलेला असतो आणि त्याच्या तळाशी एक गिचमिड सही असते. अनोळखी माणसाबरोबर सात मजले जायचं असलं की आपण सगळेच ती सही फार आस्थेने वाचतो. ती यांची. बावीस वर्षांत त्यांनी स्वतः लिफ्टमध्ये चढून, वर जाऊन, खाली येऊन पाहिल्याशिवाय एकही सही केलेली नव्हती. खात्यातले बाकीचे लोक तळमजल्यावर चहा पिऊन सही करत. तपासनीस चहाही पीत नसत, आणि त्यामुळे ते खात्यात फारसे कुणाला आवडत नसत, पण तो वेगळा विषय आहे.

अशा माणसाला मुलगी म्हणते, बघून सांग. दुसरा बाप असता तर त्याने फोनवर चार फोटो बघून सांगितलं असतं. तपासनिसांनी तक्ता केला. उताराचा कोन, पृष्ठभाग, कठडा, सावली, गर्दी, पिण्याचं पाणी, दवाखान्याचं अंतर, कुत्री (स्वभावासह). असे बारा रकाने झाले, आणि तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या दंतवैद्यबाई वर्तमानपत्र परत करायला आल्या.

"पडणार कशावर?" तक्ता वाचून त्यांनी विचारलं.

"पडणार नाही ती."

"अहो, सगळेच पडतात. प्रश्न एवढाच, की पहिलं काय आपटतं. वरचे पुढचे दोन असले तर मला रविवारीसुद्धा फोन करा. दात सापडला तर दुधात घालून आणा. घासू मात्र नका हं." आणि त्यांनी तपासनिसांच्याच पेनाने तेरावा रकाना पाडला : प्रथम आघात.

बाईंचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलसर वर आले. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं, "सूर्याचं काय केलंत? पार्क दक्षिणोत्तर पाहिजे. पूर्व-पश्चिम असला तर पोरगी सकाळी आंधळी आणि संध्याकाळी पण आंधळी." सरांचे तीन रकाने झाले : दिशा, वारा आणि पाणी कुठे वाहून जाईल.

बायको फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून घरी आल्यावर तिच्यात नवऱ्याला वाकवायचं बळ उरत नसे. तिने सोळा रकान्यांवरून नजर फिरवली. "अहो, तिने पार्क विचारलाय," ती म्हणाली, "स्थळ नाही."

पहिला पार्क उड्डाणपुलाखाली होता. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तपासनीस तिथे गेले, ते कामावरून तसेच : गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात मोजपट्टी आणि पाणसळ. पाणसळ म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, जी दिसली की भले भले गवंडी नीट उभे राहतात. आत सात-आठ पोरं चार चाकांच्या फळ्यांवर उभी राहून एका उतारावरून खाली येत होती, समोरच्या उतारावर चढत होती आणि वर पोचली की लगेच परत खाली. तपासनीस वीस मिनिटं बघत राहिले. ते पहिल्यांदा गोंधळले ते इथे, आणि पुढे काही सावरले नाहीत. लिफ्ट वर जाते कारण वर कुणाचं तरी घर असतं. इथे वर काहीच नव्हतं. एक लोखंडी कड होती, तिला चाक लावून पोरं माघारी फिरत होती.

"वर कशासाठी जायचं?" त्यांनी एका घामाघूम पोराला विचारलं.

"खाली यायला."

"मग खालीच का नाही थांबत?"

पोराने त्यांच्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "काका, तुम्ही फरशी बसवायला आलायत का?"

दुसऱ्या पार्कला इंटरनेटवर साडेचार तारे होते. तिथला वाडग्यासारखा खोल, गोल बाउल कुंड्यांनी काठोकाठ भरलेला होता. माळी म्हणाला, "खोलगट आहे ना, ओल धरून ठेवतो. रोपं काय येतात म्हणता!"

"पण हा स्केटपार्क आहे."

"हो, आहे ना. पाटी आहे की. पोरं येतात फळ्या घेऊन. बघतात, छान आहे म्हणतात, जातात." ते तारे बहुधा फुलांना दिलेले होते. तपासनिसांनी सावलीच्या रकान्यात पूर्ण गुण दिले आणि पाठ फिरवली.

तिसऱ्या पार्कच्या दारात एकतीस नियमांची पाटी होती. तपासनीस नियमांचे चाहते. जेवणाची अख्खी सुट्टी त्यांनी ती पाटी वाचण्यात घालवली. नियम सात : धावू नये. नियम आठ : उड्या मारू नयेत. नियम अकरा : चाके असलेली कोणतीही वस्तू आत आणू नये.

"मग इथे करायचं काय?" त्यांनी तिकीट खिडकीतल्या बाईंना विचारलं.

"बसायचं."

"कुठे?"

"उतारावर नाही. नियम चौदा."

सुरक्षिततेत या पार्कला शंभर टक्के द्यावे लागले. इथे आजपर्यंत कुणालाही काहीही झालेलं नव्हतं.

चौथा पाण्याच्या टाकीमागे होता. गुरुवार. आत पाऊल टाकल्यावर तपासनिसांना पहिल्यांदाच मोजपट्टी खिशात ठेवावीशी वाटली. तीन उतार होते. धाकट्यावरून चेंडूसुद्धा विचार करत करत घरंगळला असता. मधला बरा होता. त्याच्या उंच पाठीआड जमिनीत खोदलेला बाउल होता, माणसाच्या उंचीहून खोल, एका बाजूला चढायला लोखंडी पायऱ्या. त्यांनी काँक्रीटवरून तळवा फिरवला. कुण्या गवंड्याने हे काम जीव लावून केलं होतं. फक्त बाउलच्या कडेच्या पट्टीचा एक बोल्ट, अंगठ्याने दाबला की, किणकिण करत होता.

पहारेकरी कडक इस्त्रीतला माणूस होता. सहा वर्षं तो या गेटवर होता आणि सहा वर्षांत वरून कुणीही तपासायला आलेलं नव्हतं. हेल्मेट, ओळखपत्र आणि मोजपट्टी पाहून त्याचा ऊर भरून आला. तो केबिनमध्ये धावत गेला आणि भेटीची नोंदवही घेऊन आला. कोरी करकरीत.

"साहेब, शेरा."

इथे तपासनिसांना जरा समजून घ्यावं लागेल. बावीस वर्षं ज्याच्यासमोर रोज सहा नोंदवह्या उघडल्या जातात, त्याचा हात शेऱ्याचा रकाना दिसला की डोक्याला विचारत बसत नाही. डोकं त्या वेळी रविवारात होतं. भिंगरी धाकट्या उतारावरून येते आहे, आपण खाली उभे आहोत, ती काहीतरी सांगते आहे. तेवढ्यात हाताने लिहिलं : 'कडेचा एक बोल्ट सैल. दुरुस्ती होईपर्यंत वापर बंद ठेवावा.' खाली ती गिचमिड सही, तारीख, वेळ.

पहारेकऱ्याने सलाम ठोकला. तपासनिसांनी हसून मान हलवली आणि कचेरीत जाऊन त्या पार्कला एकशे साठपैकी एकशे एक्केचाळीस गुण दिले. निघताना मागे कुलूप लागल्याचा आवाज आला होता. पहारेकऱ्याची जेवायची वेळ झाली असेल, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना त्यांनी घसा साफ केला. "सांगू? चौथा. टाकीमागचा."

भिंगरीने घास ताटात ठेवला. "तो बंद झालाय, बाबा! काल! कुणीतरी माणूस आला मोजपट्टी घेऊन, आणि वहीत लिहून गेला बंद करा म्हणून. एका बोल्टसाठी! एका! सगळी तिथेच येणार होती पुढच्या रविवारी. चाळीस जण उभे होते गेटवर. सगळे त्याला कुलूपकाका म्हणतात. कुठे राहतो ते शोधतायत. मी पण शोधणार आहे."

तपासनिसांच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे, तो माणूस आपण. दुसरी म्हणजे, ही चाळीसच्या वर शब्द बोलली. त्यांनी घाईने पाण्याचा पेला उचलला.

"दिसायला कसा होता?" बायकोने विचारलं.

"पिवळं हेल्मेट. आणि ती बुडबुड्याची पट्टी."

बायकोने तपासनिसांकडे पाहिलं. मग दारामागच्या खुंटीकडे पाहिलं. मग ती उठली, खुंटीवरच्या हेल्मेटवर स्वतःची ओढणी टाकली आणि परत येऊन म्हणाली, "भात वाढू का कुणाला?"

शनिवारी सकाळी ते पाना घेऊन टाकीमागे गेले. गेटवर कुलूप होतं, कुलपाला कागद बांधला होता, आणि कागदावर त्यांचंच वाक्य पहारेकऱ्याच्या वळणदार अक्षरात. पहारेकऱ्याने त्यांना आत घेतलं. बोल्टला दीड फेरा दिला, काम संपलं.

"झाली दुरुस्ती. उघडा आता."

"कुणी केली, साहेब?"

"मी. आत्ता. तुमच्यासमोर!"

"ते बघितलं मी. पण दुरुस्तीचा आदेश कुठाय?"

"बरं. वही आणा, मी शेरा खोडतो."

पहारेकरी दुखावला. त्याने वहीचं पहिलं पान उघडून छापील ओळीवर बोट ठेवलं : खाडाखोड करू नये. "सहा वर्षांतली पहिली नोंद आहे, साहेब. तीच खोडता?"

तपासनिसांनी आवाज खाली आणला. "हे बघा, खरं सांगतो. मला हा अधिकारच नाही. मी लिफ्ट तपासतो."

पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. मग त्याहून हळू आवाजात विचारलं, "मग मी हा पार्क कुणाच्या सांगण्यावरून बंद केलाय?"

तपासनिसांनी पाना खिशात टाकला.  सोमवारी ते रजा टाकून उद्यान खात्यात गेले. तिथल्या साहेबांच्या टेबलावर त्यांच्या शेऱ्याची फाइल आधीच येऊन पडली होती. चार दिवसांत तिला सात कागद जोडले गेले होते. तपासनिसांनी सगळं सांगितलं. साहेबांनी पंखा एकाने कमी केला, कागद उडू नयेत म्हणून, किंवा शब्द उडू नयेत म्हणून.

"तुम्ही अधिकार नव्हता म्हणालात, तर पहारेकऱ्याने सार्वजनिक जागा विनाकारण बंद केली. म्हणजे त्याची चौकशी. चौकशी संपेपर्यंत पार्क बंद."

"आणि होता म्हणालो तर?"

"तर काही प्रश्नच नाही. ज्याने बंद केला त्याने सुरू करायचा. नमुना नऊ." साहेबांनी कागद सरकवला. "सही करा, उद्या उघडतो."

तपासनिसांनी वाचलं. 'सदर सुविधेचा प्रत्येक भाग मी स्वतः वापरून पाहिला असून तो वापरास योग्य आहे.' त्यांनी पेनाचं टोपण काढलं, निब कागदापर्यंत नेली, आणि ती तिथेच राहिली.  

"मी वापरून पाहिलेला नाही," तपासनीस म्हणाले.

"अहो, कोण पाहतं वापरून? मागच्या महिन्यात मी झोपाळे मंजूर केले. सत्तर. मी काय सत्तर झोके घेतले?"

"वापरल्याशिवाय मी सही करत नाही."

साहेबांनी नमुना परत स्वतःकडे ओढला. एवढ्या नोकरीत त्यांच्या टेबलासमोर अनेक तऱ्हेचे लोक बसून गेले होते. हा प्रकार नवीन होता. "मग वापरा," ते शेवटी म्हणाले. "शनिवारी, दहा वाजता. मी येतो. एक मदतनीस आणता येईल, बाकी सगळे पन्नास फूट लांब. तसं नमुन्यातच आहे."

आता फळी लागणार होती. फळी घरात एकाच व्यक्तीकडे होती.

त्या संध्याकाळी तपासनीस भिंगरीच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. "आत येऊ?"

"बघू."

ते आत गेले. "कुलूपकाका सापडला," ते म्हणाले.

ती ताडकन उठून बसली. "कोण आहे?"

तपासनिसांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग, काही सुचेना म्हणून, सगळं क्रमाने सांगितलं : तक्ता, कुंड्या, एकतीस नियम, बोल्ट, शेरा, नमुना नऊ. ती ऐकत होती. सांगून संपल्यावर ती पलंगावरून उतरली आणि त्यांच्या बाजूने मागे गेली. निघून चालली, असं त्यांना वाटलं. पुढच्या क्षणी दोन्ही तळव्यांचा एक सणसणीत धक्का पाठीत बसला आणि ते धडपडत कपाटापर्यंत गेले.

"उजवा पाय पुढे पडला," ती मागून म्हणाली. "म्हणजे फळीवर पण उजवा पुढे. बहुतेकांचा डावा असतो. तू उलटा आहेस."

"हे शिकवणं होतं की मारणं?"

"दोन्ही. शनिवारपर्यंत शिकवते. पार्क उघडला की मी तुझ्याशी बोलणार नाहीये. कायमचं."

पाच संध्याकाळी स्वयंपाकघर ते दिवाणखाना या मार्गावर तपासनिसांची ने-आण झाली. दंतवैद्यबाईंनी त्यांच्या दातांचा साचा घेऊन रबरी दातरक्षक करून दिला. तो घातला की त्यांचं प्रत्येक वाक्य तक्रारीसारखं ऐकू यायचं. बायकोने गुडघ्यांना उशा बांधल्या आणि कसं पडायचं ते शिकवलं. "कुशीवर पडा. मनगट टेकवू नका. मनगटाचे सहा आठवडे, खांद्याचे तीन महिने; तुमचं तुम्ही ठरवा." बुधवारी खालून भूगोलसर आले. त्यांनी धक्क्यांच्या वेळा आणि तीव्रता एका कागदावर लिहून आणल्या होत्या, आणि सर्वांत मोठ्या धक्क्याचं केंद्र सोफ्याच्या आसपास असावं, असा त्यांचा अंदाज होता. तो बरोबर निघाला.

एवढं सगळं होऊनही तपासनिसांना मूळ मुद्दा कळलेला नव्हता. गुरुवारी त्यांनी विचारलं, "पण ब्रेक कुठे असतो?"

"नसतो."

"मग थांबायचं कसं?"

"समोरचा चढ थांबवतो."

"आणि मग?"

"मग परत खाली येतोस."

"पण म्हणजे थांबलो कुठे?"

भिंगरीने कपाळावर हात मारला. पण हसली. तपासनिसांनी तेही मोजलं.

शनिवारी दहाला साहेब छत्री घेऊन गेटजवळ उभे होते. पहारेकऱ्याने आणखी कडक इस्त्री केली होती. कुंपणाला चाळीस पोरं वटवाघळांसारखी लटकलेली, आणि पिवळं हेल्मेट दिसताच एकच गलका झाला. "कुलूपकाका! कुलूपकाका!"

मग त्यांना हेल्मेटशेजारी भिंगरी दिसली.

"ए, हे तुझे कोण?" एका मुलीने ओरडून विचारलं.

तपासनीस फाटकात थबकले. तिने नाही म्हटलं असतं तरी त्यांना चाललं असतं. म्हणजे चाललं नसतं, पण त्यांनी तसं दाखवलं नसतं.

"बाबा आहेत माझे," भिंगरी म्हणाली. "काय म्हणणंय?"

धाकट्या उतारावर ते पडले. पहिल्या चार फुटांत, कुशीवर, शिकवल्याप्रमाणे. कुंपणावर टाळ्या पडल्या. मधल्या उतारावर ते बसून आले. नमुन्यात उभं राहून असं कुठेही म्हटलेलं नव्हतं, हे त्यांनी साहेबांना ओरडून सांगितलं. पण तोंडात दातरक्षक होता, आणि साहेबांना ते रडतायत असं वाटलं. उरला बाउल.

बाउलच्या कडेवर फळी टेकवून ते उभे राहिले. मागचं टोक पायाखाली, पुढची चाकं हवेत. खाली साबणाच्या वडीसारखं काँक्रीट. त्यांनी दातरक्षक काढून खिशात टाकला. जे काही व्हायचं ते स्पष्ट शब्दांत व्हावं. पुढच्या पायावर भार द्या, मागे झुकू नका, एवढं आठवलं. मग त्यांनी भार दिला.

ते खाली गेले. समोर चढले. तिथून परत खाली, परत वर, प्रत्येक वेळी थोडे कमी, थोडे कमी, आणि शेवटी बाउलच्या बरोब्बर मध्यावर, दोन्ही हात पसरलेल्या अवस्थेत, उभे. पडले नव्हते. आयुष्यातली सर्वांत देखणी गोष्ट त्यांनी आत्ता करून दाखवली होती, आणि पन्नास फुटांवरच्या कुणालाही मधल्या उताराआड ना बाउलची कड दिसत होती, ना आतलं काही.

"पाहिलंस?" त्यांनी वर विचारलं.

"हं," भिंगरी म्हणाली. नोंदवही आणि नमुना नऊ घेऊन ती पायऱ्यांनी खाली आली. आता पेन दे, म्हणून त्यांनी हात पुढे केला. तिने पेन दिलं नाही. ती काँक्रीटवर फतकल मारून बसली.

"बाबा, लगेच सही नको करूस."

"का?"

"उद्या सगळ्यांसमोर मला इथून उतरायचंय. मी सांगून बसलेय, मला येतं म्हणून."

"येतं ना?"

"नाही." ती फळीचं चाक बोटाने फिरवत होती. "महिनाभर कडेवर येते, फळी ठेवते, आणि मग मला पाणी प्यायचं असतं. सगळे बघत असतात ना. म्हणून तुला सांगितलं, पार्क बघ. मला वाटलं, तू शोधशील एखादा रिकामा, सरावाला. तू काय, सगळं शोधतोस."

तपासनिसांना तक्ता आठवला. गर्दीचा रकाना होता त्यात. जिथे गर्दी जास्त तिथे त्यांनी गुण जास्त दिले होते, कारण गर्दीत मदत लवकर मिळते.

"आत्ता रिकामाच आहे," ते म्हणाले.

भिंगरीने वर पाहिलं. बाउलच्या कडेवर नुसतं आकाश होतं. ती पायऱ्या चढून गेली. फळी टेकवली. मागचं टोक पायाखाली घेतलं. आता पाणी हवंय असं ती म्हणेल, असं त्यांना वाटलं.

"मी इथे उभा आहे," ते म्हणाले.

"मधे येऊ नकोस हं."

"नाही."

"पण लांब पण नको जाऊस."

हे अंतर किती, ते त्यांनी विचारलं नाही. अंदाजाने उभे राहिले.

ती आली आणि अर्ध्यात मागे झुकली. फळी एकीकडे, ती एकीकडे. धप्प आवाज झाला. ती कुशीवर पडली होती, आईची मुलगी. पण आवाज कुंपणापर्यंत गेला होता.

"साहेब!" पहारेकऱ्याचा आवाज आला. "काय पडलं?"

भिंगरीचा चेहरा पांढरा झाला. चाळीस कान कुंपणाला लागलेले होते.

"मी!" तपासनीस ओरडले. "मी पडलो!"

कुंपण हसून हसून हललं असावं, असा खडखडाट ऐकू आला. भिंगरी उठली, कोपर झटकलं, वर गेली. परत धप्प.

"परत मीच!"

"जमत नसेल तर राहू द्या हो!" साहेब लांबून म्हणाले. "सही करा आणि चला!"

"प्रत्येक भाग वापरायचाय!" तपासनीस ओरडले. तिसऱ्यांदा ती कडेवर उभी राहिली, तेव्हा तिने आकाशाकडे नाही, कुंपणाच्या दिशेने नाही, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या पायावर सगळा भार टाकला. चाकांचा घरघर आवाज त्यांच्या कानाजवळून गेला, समोर चढला, माघारी आला, आणि भिंगरी त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली. उभी.  

धप्प आवाज न आल्यामुळे बाहेर शांतता पसरली होती.

"साहेब?" पहारेकऱ्याच्या आवाजात खरीच काळजी होती. "बरे आहात ना?"

भिंगरी एव्हाना फळी काखेत मारून पायऱ्यांकडे धावली होती. "अजून एकदा, बाबा!" ती कुजबुजली. "बघ हं! आत्ताचं चुकून झालं असेल!"

तपासनिसांनी सहा वर्षांत एकच नोंद झालेली ती नोंदवही दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि सगळी ताकद लावून काँक्रीटवर आपटली.

"पडलो!" ते आनंदाने ओरडले.